पाण्याखालचा श्वास आणि रेग्युलेटरची गोष्ट

दिवाळीची सुट्टी जवळ आली की ओपीडीत एक ठरावीक फॉर्म दिसू लागतो. तारकर्लीला, गोव्याला नाहीतर अंदमानला स्कूबा डायव्हिंग करायचे असते आणि त्यावर डॉक्टरची सही हवी असते. दमा आहे का, फिट येतात का, पूर्वी कधी फुप्फुस फाटून छातीत हवा भरली होती का, कानाचे ऑपरेशन झाले आहे का, गरोदर आहात का, हे मी विचारतो. छाती आणि कान तपासतो आणि सही करतो, किंवा करत नाही. पेशंटचे प्रश्नही ठरलेले असतात. "डॉक्टर, पोहता येत नाही, चालेल ना?" "बीपीची गोळी त्या दिवशी घ्यायची का?" पण पाण्याखाली ज्या वस्तूतून प्रत्येक श्वास येणार, तिच्याबद्दल मला आजवर कुणी विचारलेले नाही. ती वस्तू म्हणजे रेग्युलेटर. मी डायव्हर नाही, पण श्वास हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि या यंत्राचा इतिहास म्हणजे खरे तर श्वासाच्या शास्त्राचाच इतिहास आहे. तो समजला की चांगला रेग्युलेटर कसा ओळखायचा, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

रेग्युलेटर म्हटले की आपल्याला पंख्याचा नाहीतर गॅस सिलिंडरचा आठवतो. गॅसचा आठवला असेल तर तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात. ते का, ते पुढे कळेल.

आधी एक साधा प्रश्न. लांब नळी तोंडात धरून पाण्याखाली का बसता येत नाही? सिनेमात नायक कमळाच्या देठातून श्वास घेत तळ्यात तासभर लपतो. दुर्योधन डोहात लपला तेव्हा त्याच्याकडे निदान जलस्तंभनाची विद्या होती. सिनेमातल्या नायकाकडे तीही नसते. अडचण नळीच्या लांबीची नसते, ती पाण्याच्या दाबाची असते. छाती १ मीटर खोल असेल तर तिच्यावर १०० सेंटिमीटर पाण्याचा जादा दाब बसतो. धडधाकट तरुणाचे श्वासाचे स्नायू सगळी ताकद लावून जेमतेम तेवढाच जोर निर्माण करू शकतात, तोही एखाददुसऱ्या श्वासापुरता. शांत बसून श्वास घेताना आपण काही सेंटिमीटर पाण्याइतकाच जोर लावत असतो. म्हणून पाण्याखाली श्वास घ्यायचा तर हवा छातीभोवतीच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने मिळायला हवी. कमी मिळाली तर ओढवत नाही आणि जास्त मिळाली तर फुप्फुसांना इजा होते. शिवाय खोली बदलली की हा दाब लगेच बदलायला हवा.

हे कोडे सोडवणारे एक महत्त्वाचे यंत्र आले ते समुद्रातून नव्हे, खाणीतून. फ्रान्सच्या दक्षिण भागात एस्पालियाँ नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या बेन्वा रुकेरोल या खाण-अभियंत्याने १८६० मध्ये एका यंत्राचे पेटंट घेतले. खाणीत विषारी वायू भरला की आत अडकलेल्यांना सोडवायला जाणाऱ्यांसाठी ते यंत्र होते. पाठीवर हवेची टाकी, तिच्यावर एक लवचिक पडदा आणि पडद्याला जोडलेली झडप. माणसाने श्वास ओढला की पडदा आत जाई, झडप उघडे आणि हवा येई. श्वास थांबला की झडप बंद. आपल्या छाती आणि पोटामधल्या श्वासपटलालाही इंग्रजीत डायफ्रॅम म्हणतात आणि त्या यंत्रातल्या पडद्यालाही. मला हा योगायोग आवडतो, कारण दोघे खरोखर एकमेकांशी बोलत असतात.

ऑग्युस्त देनेरूझ हा त्याच भागातला नौदल अधिकारी. १८६४ मध्ये दोघांनी मिळून हे यंत्र पाण्यासाठी बदलून घेतले. पडद्याच्या बाहेरच्या बाजूला आता पाणी होते. म्हणजे खोली वाढली की पाणी पडदा आपोआप जास्त दाबणार आणि हवाही तेवढ्या दाबाने येणार. ज्यूल व्हर्नने समुद्रतळाच्या आपल्या प्रसिद्ध कादंबरीत कॅप्टन नेमोच्या माणसांच्या पाठीवर हेच यंत्र नावानिशी दिले आहे. मात्र त्या काळच्या टाक्यांना फार दाब सोसत नसे. बहुतेक वेळ वरून पंपाने नळीतून हवा पुरवावी लागे आणि नळी सोडून मोकळे फिरणे थोडाच वेळ शक्य होई. शेवटी तांब्या-पितळेचे जड हेल्मेट आणि वरून सतत पंप, हीच पद्धत टिकली. श्वास मागेल तेव्हाच आणि मागेल तेवढीच हवा देण्याची कल्पना पुढची ऐंशी वर्षे जवळजवळ बाजूला पडली.

मधल्या काळात, १९२६ मध्ये, इव्ह ल प्रिअर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने मॉरिस फेर्नेझच्या साथीने दाबाखालच्या हवेचा सिलिंडर वापरून पाहिला, पण हवा सतत वाहत राही आणि ती हाताने कमी-जास्त करावी लागे. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेले ऑक्सिजन सिलिंडर आठवा. काटा पाच लिटरवर ठेवला की पेशंट श्वास घेवो वा न घेवो, पाच लिटर वाहतच राहतात. पाण्याखाली अशी उधळपट्टी परवडत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण पेशंट हमखास "ऑक्सिजन लावून समुद्रात गेलो होतो" असे सांगतात. स्कूबाच्या सिलिंडरमध्ये साधारणपणे साधी हवाच असते. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन मेंदूला विषारी ठरतो आणि झटके येतात, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. तरीही ज्याक कुस्तो या तरुण नौदल अधिकाऱ्याने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ऑक्सिजनचे यंत्र बनवून पाहिले आणि दोनदा पाण्यात झटके येऊन मरता मरता वाचला. मग त्याने ऑक्सिजनचा नाद सोडला.

पुढे युद्ध आले, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले आणि पेट्रोल मिळेनासे झाले. मोटारी कोळशाच्या आणि लाकडाच्या गॅसवर चालू लागल्या. आपल्याकडेही त्या काळात कोळशावर चालणाऱ्या मोटारी होत्या. जुन्या लोकांच्या आठवणींत त्या हमखास येतात. एअर लिक्विड या कंपनीतला एमिल गान्यां हा अभियंता अशा मोटारींसाठी इंजिनाला हवा तेवढाच गॅस देणारा रेग्युलेटर बनवत होता. कुस्तोचे सासरे त्याच कंपनीत मोठ्या पदावर होते. डिसेंबर १९४२ मध्ये कुस्तो आपली गरज सांगायला पॅरिसला आला, तेव्हा गान्यांने त्याच्या हातात बेकेलाइटची एक छोटी वस्तू ठेवली. असेच काहीसे हवे आहे का, असा त्याचा प्रश्न होता. म्हणजे आज कोट्यवधी माणसे ज्यातून पाण्याखाली श्वास घेऊन आली, तो रेग्युलेटर खरोखरच गॅसच्या रेग्युलेटरचा भाऊ आहे.

पंधरा सेंटिमीटर

पहिली चाचणी त्या हिवाळ्यात पॅरिसजवळ मार्न नदीत झाली. कुस्तो आडवा पोहत होता तोवर यंत्र छान चालले. उभा राहिला की हवा फसफसून वाया जाई आणि डोके खाली केले की श्वास ओढवेना. दोघे हिरमुसून परत निघाले. पण वाटेतच कारण लक्षात आले. उच्छ्वास बाहेर सोडणारी झडप आणि हवा देणारा पडदा एका पातळीवर नव्हते. उभे राहिल्यावर दोघांत साधारण १५ सेंटिमीटरचा फरक पडत होता. १५ सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नाही, पण आपले श्वासाचे स्नायू मुळात सेंटिमीटरांच्याच हिशेबात काम करतात. बाहेर सोडण्याची झडप पडद्याच्या शेजारी आणून बसवली आणि प्रश्न सुटला. १९४३ च्या जून महिन्यात भूमध्य समुद्रावरच्या बांदोल गावाजवळ कुस्तो हे यंत्र पाठीवर घेऊन उतरला. कोणत्याही दिशेला वळला, उलटा झाला तरी श्वास एकसारखा येत राहिला.

मला हा प्रसंग सगळ्या इतिहासात महत्त्वाचा वाटतो. रेग्युलेटर चांगला की वाईट हे त्याच्या चकाकीवरून किंवा कंपनीच्या जाहिरातीवरून ठरत नाही. श्वास घ्यायला आणि सोडायला किती कष्ट पडतात, यावर ते ठरते. श्वास सोडायला कष्ट पडले की माणूस नकळत कमी श्वास घेतो, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, डोके दुखते, घाबरल्यासारखे होते. आणि पाण्याखाली घाबरणे हाच सगळ्यात मोठा धोका आहे. घाबरलेला माणूस श्वास रोखून वर झेपावतो. १० मीटरवर भरून घेतलेली हवा पृष्ठभागापर्यंत येताना दुप्पट फुगते. श्वास रोखलेला असेल तर ती फुप्फुस फाडून रक्तात शिरते. यासाठी फार खोलही जावे लागत नाही; छाती पूर्ण भरलेली असेल तर मीटर-सव्वा मीटरवरूनही असे होऊ शकते. म्हणून शिकवणारे पहिला नियम हाच सांगतात: श्वास कधीही रोखायचा नाही.

यंत्र देते, पण काय देते?

ऑगस्ट १९४६. फ्रान्समधल्या व्होक्ल्यूझच्या झऱ्याचा तळ शोधायला कुस्तो आणि त्याचा मित्र फ्रेदेरिक द्यूमा अंधाऱ्या विवरात उतरले. वर दोर धरून मोरिस फार्ग होता. सुमारे ४५ मीटरवर दोघांचीही डोकी चालेनाशी झाली. कशासाठी आलो, दोराच्या खुणा कोणत्या, काही सुचेना. द्यूमा तर जवळजवळ बेशुद्ध झाला. वर फार्गला काहीतरी बिनसल्याची शंका आली, त्याने दोर ओढायला सुरुवात केली आणि दोघे वाचले.

रेग्युलेटर दोघांचेही उत्तम चालले होते. दोष होता नव्या कॉम्प्रेसरचा. सिलिंडर भरताना तो स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढत होता आणि हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळत होता. या वायूला वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरून ठेवते. ४५ मीटरवर दाब साडेपाचपट असतो, म्हणजे या विषाचा दाबही तेवढ्याच पटीने वाढतो. जमिनीवर जेमतेम डोके दुखवणारी हवा तिथे जीव घेऊ शकते. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने होणारे मृत्यू तुम्ही वाचले असतील, विष तेच.

ज्याने दोर ओढला तो फार्ग पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, खोलीचा विक्रम करताना गेला. १२० मीटरवरच्या पाटीवर त्याने सही केली. वर ओढला तेव्हा तोंडातली नळी छातीवर लोंबत होती. एवढ्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन दारूसारखी नशा आणतो. यंत्राने त्याला शेवटपर्यंत हवा दिली, ती घेण्याचे भान त्याला उरले नाही. नायट्रोजनचा दुसरा उपद्रव म्हणजे घाईने वर आल्यावर रक्तात होणारे बुडबुडे. त्यावर ब्रिटनचे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके दिली. त्यांचा मुलगा, जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, यांनीही दाबाच्या टाकीत स्वतःवर प्रयोग केले. तेच पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

रेग्युलेटरमधली पुढची मोठी सुधारणा ऑस्ट्रेलियातून आली. कुस्तोच्या यंत्रात सगळी यंत्रणा मानेमागे होती आणि तिथून दोन जाड नळ्या तोंडापर्यंत येत. १९५२ मध्ये मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने काम दोन भागांत विभागले. पहिला भाग सिलिंडरवर बसतो आणि सुमारे २०० बारचा दाब भोवतीच्या पाण्यापेक्षा साधारण १० बार जास्त इतका खाली आणतो. दुसरा भाग तोंडातच असतो आणि राहिलेला दाब श्वासाच्या बरोबरीचा करतो. मधे एकच बारीक नळी. पडदा ओठांजवळ आल्यामुळे मार्नमधल्या त्या अंतराचा प्रश्न बराच कमी झाला. आज मालवणला तुमच्या तोंडात देतात तो रेग्युलेटर याच वंशातला. बहुतेक रेग्युलेटरांच्या दुसऱ्या भागातली झडप मुद्दाम अशी बसवलेली असते की बिघाड झालाच तर हवा बंद पडण्याऐवजी सुटत राहावी. भसाभसा सुटणाऱ्या हवेतूनही श्वास घेता येतो. त्यामुळे तसे झाले तर घाबरू नका, शिकवणाऱ्याला खूण करा आणि सावकाश वर या.

घ्यायचा असेल तर, आणि भाड्याने मिळणार असेल तर

स्वतःचा घेणारे थोडे. त्यांनी पहिला भाग 'बॅलन्स्ड' आहे ना हे बघावे. साध्या प्रकारात सिलिंडर रिकामा होत आला की श्वास जड होतो; बॅलन्स्डमध्ये शेवटपर्यंत सारखा राहतो. आपल्या किनाऱ्यावरच्या गढूळ, वाळूच्या पाण्यात पिस्टनपेक्षा बंदिस्त पडद्याचा प्रकार बरा, कारण वाळू आणि मीठ आत जात नाही. युरोपात ईएन २५० नावाचे मानक आहे: ५० मीटरवर, मिनिटाला साडेबासष्ट लिटर इतक्या जोराच्या श्वासाला लागणारे कष्ट ठरावीक मर्यादेत राहिले पाहिजेत. तो शिक्का बघा. थंड पाण्यासाठीच्या खास सोयींवर इथे पैसे घालवायची गरज नाही. पण स्वीडन-कॅनडात राहणारी आपली मुलेबाळे तिथल्या तळ्यांत उतरणार असतील तर त्यांना मात्र त्या हव्यातच, कारण दाब एकदम उतरताना हवा थंडगार होते, आत बर्फ धरतो आणि झडप उघडीच राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ज्याचे सुटे भाग व सर्व्हिसिंग तुमच्या जवळपास मिळते तोच घ्या. महागडा रेग्युलेटर घेऊन तो तीन वर्षे न तपासलेला असण्यापेक्षा साधा आणि वेळेवर तपासलेला केव्हाही चांगला.

निगा सोपी आहे, फक्त कंटाळा नको. वापरल्यावर गोड्या पाण्यात भिजवायचा. पहिल्या भागाचे झाकण कोरडे करून घट्ट लावल्याशिवाय पाण्यात बुडवायचा नाही आणि दाब नसताना पुढचे बटण दाबायचे नाही, नाहीतर पाणी नळीतून आत चढते. सावलीत वाळवायचा. खोबरेल तेल, व्हॅसलीन, मशीनचे तेल काहीही लावायचे नाही; रबर खराब होते आणि दाबाखालच्या हवेजवळ, विशेषतः ऑक्सिजन जास्त असलेल्या मिश्रणाजवळ, तेल म्हणजे आगीला आमंत्रण. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, साधारण वर्षा-दोन वर्षांनी, प्रशिक्षित माणसाकडून सर्व्हिसिंग. चांगला मेकॅनिक आधी पहिल्या भागाच्या तोंडाशी असलेली बारीक गाळणी बघतो. ती हिरवी दिसली तर खारे पाणी आत गेले आहे, तांबूस दिसली तर सिलिंडर आतून गंजलाय, काळी दिसली तर हवेबरोबर काजळी येत असावी. आम्ही जीभ बघतो, तसेच हे.

बहुतेक वाचकांना मात्र रेग्युलेटर भाड्याने, बोटीवरच मिळणार. पावसाळ्यात कोकणात डायव्हिंग बंद असते. तेवढे महिने दमट हवेत पडून राहिलेल्या संचाचे रबर चिकटते, तोंडात धरायच्या भागाला बुरशी येते. म्हणून सीझनच्या सुरुवातीला जास्त बघून घ्या. शेवटची सर्व्हिस कधी झाली, हे विचारायला लाजू नका. व्यवस्थित काम करणारे लोक वही काढून दाखवतात. नळीला फुगवटा किंवा चीर आहे का बघा. तोंडात धरायचा भाग फाटलेला नको आणि तो धरून ठेवणारी पट्टी जागेवर हवी. सिलिंडर बंद असताना आणि नळीतला दाब काढून टाकल्यावर हलकेच श्वास ओढायला सांगतात का बघा. अशा वेळी हवा अजिबात येता कामा नये. आली तर पडदा किंवा झडप कुठेतरी गळतेय, म्हणजे तिथून पाणीही येणार. मग सिलिंडर उघडल्यावर काट्याकडे बघत चार-पाच मोठे श्वास घ्या. काटा स्थिर हवा. प्रत्येक श्वासाला तो डगमगत असेल तर गाळणी तुंबली आहे किंवा सिलिंडर नीट उघडलेला नाही. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर उतरू नका. व्होक्ल्यूझची गोष्ट त्यासाठीच सांगितली. फक्त वास आला नाही म्हणून हवा शुद्धच असेही नाही, तेव्हा सिलिंडर कुठे भरतात आणि कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी धुरापासून लांब आहे का, हेही विचारा. आणि तोंडातला भाग आधीच्या माणसानंतर जंतुनाशकात बुडवलाय का तेही पाहा. ओठावरचे हर्पिसचे फोड असे सहज एकाकडून दुसऱ्याकडे जातात. हा रबरी तुकडा वेगळा विकत मिळतो आणि फार महाग नसतो.

गळक्या रेग्युलेटरचा एक आजारही आहे. १९७० च्या सुमारास कार्ल एडमंड्स या ऑस्ट्रेलियाच्या नौदलातल्या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. रेग्युलेटरमधून हवेबरोबर खाऱ्या पाण्याचा अगदी बारीक फवारा फुप्फुसात जातो. पाण्यात थोडा खोकला येतो, कुणी लक्ष देत नाही. मग अर्ध्या तासाने, काही वेळा दोन-चार तासांनी, थंडी वाजून ताप, अंगदुखी, खोकला, छातीत दुखणे आणि धाप. संध्याकाळी हॉटेलवर सगळे म्हणतात, समुद्राची हवा बाधली किंवा व्हायरल असेल. बहुतेकांना एका दिवसात बरे वाटते, पण धाप असेल तर ऑक्सिजन लागतो आणि छातीचा एक्स-रे काढावा लागतो. तेव्हा डायव्हिंगच्या दिवशी असा ताप किंवा धाप आली तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आज डायव्हिंग केले होते, किती वाजता, किती खोल आणि रेग्युलेटरमधून पाणी येत होते का. बोलताना अडखळणे, हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, गोंधळल्यासारखे होणे यांपैकी काहीही वर आल्यावर जाणवले तर संध्याकाळपर्यंत थांबू नका. तो बुडबुड्यांचा त्रास असू शकतो. अशा वेळी लगेच ऑक्सिजन आणि दाबाच्या टाकीतले उपचार लागतात, आणि तसे कळल्याशिवाय विमानात बसायचे नाही.